अर्धशिशी आणि डोकेदुखीची परिचर्या : उपचार, मतभेद आणि उरलेले प्रश्न

खास अर्धशिशीसाठी घडवलेली औषधे गेल्या पस्तीस वर्षांतच आली. वेदना नेमकी कुठून सुरू होते, कोणता रेणू ती वाढवतो, हेही आता बरेचसे कळले आहे. तरी डोके धरून कॅज्युअल्टीत आलेल्या बाईला आपल्याकडे बहुतेकदा जे मिळते ते जुनेच असते : एक वेदनाशामक इंजेक्शन, उलटीचे एक इंजेक्शन, जमल्यास सलाईन, आणि ‘बीपी नॉर्मल आहे, घरी जाऊन आराम करा’ एवढे सांगणे. महिन्यातून असे किती दिवस जातात, त्यांतल्या किती दिवशी तिने गोळी घेतली, हे केसपेपरवर सहसा येत नाही. ही विचारपूस, ही मोजणी, धोक्याची चाहूल लागताच डॉक्टरांना हाक मारणे आणि पुढच्या भेटीपर्यंत धागा टिकवणे, ही सगळी कामे मुख्यतः परिचर्येची आहेत. म्हणून डोकेदुखीच्या उपचाराचा हा आढावा परिचारिकेच्या बाजूने घेतला आहे.

आजाराचा आवाका

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ मध्ये जगातील सुमारे ४० टक्के लोकांना, म्हणजे ३.१ अब्ज माणसांना, डोकेदुखीचा कुठला ना कुठला विकार होता. भारतातील सर्वांत काळजीपूर्वक केलेल्या पाहण्यांपैकी एक कर्नाटकातील आहे. बंगळूरच्या निमहान्स संस्थेतील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह ती केली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. तिथे वर्षभरातील अर्धशिशीचे प्रमाण २५.२ टक्के आढळले. म्हणजे दर चार माणसांमागे एक. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा त्रास दोन ते तीन पट अधिक होतो, आणि तोही शिक्षण, नोकरी, बाळंतपण, संसार अशा भरातल्या वर्षांत.

एवढे रुग्ण असून ते नजरेला पडत नाहीत, कारण ते दुसऱ्याच नावांनी वावरतात. आपल्याकडे ‘पित्त झालंय’ म्हणून आले-लिंबू घेणाऱ्या, उलटी झाली की बरे वाटते म्हणणाऱ्या कितीतरी जणींना अर्धशिशी असते. काहींना ते सायनस वाटते, काहींना चष्म्याचा नंबर वाढल्यासारखे वाटते. हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असे मानणाऱ्या जवळपास तीन हजार लोकांची तपासणी झाली, तेव्हा ८८ टक्के जणांची लक्षणे अर्धशिशीच्या निकषांत बसत होती. चुकीच्या नावाखाली चुकीचा उपचार वर्षानुवर्षे चालू राहतो. त्याची झळ रुग्ण सोसतो आणि तिची नोंद कुठेच होत नाही.

समजुती कशा बदलल्या

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांत अर्धे डोके फोडून काढणारा अर्धावभेदक आहे आणि उन्हाबरोबर चढणारा सूर्यावर्तही आहे. ग्रीक परंपरेत गॅलेनने अर्ध्या डोक्याच्या दुखण्याला वेगळे नाव दिले. आधुनिक काळातील पहिला ठाम सिद्धान्त रक्तवाहिन्यांचा होता. १९३८ मध्ये अमेरिकेत जॉन ग्रॅहम आणि हॅरॉल्ड वुल्फ यांनी रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या अर्गोटामाइन या औषधाचा परिणाम मोजला आणि डोक्यातील रक्तवाहिन्या फुगतात म्हणून ठणका लागतो, असे मांडले. पुढची चार दशके हेच चित्र पाठ्यपुस्तकांत राहिले.

१९४४ मध्ये ब्राझीलच्या आरिस्टिडेस लेआओ यांनी सशाच्या मेंदूच्या पृष्ठभागावर विद्युत-शांततेची एक लाट संथपणे सरकताना नोंदवली. डोळ्यांपुढे नागमोडी प्रकाशरेषा सरकत जाण्याचा जो अनुभव काही रुग्णांना दुखण्याआधी येतो, त्याचा खुलासा पुढे या लाटेत सापडला. १९७९ मध्ये मायकेल मॉस्कोविट्झ यांनी चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल चेतेकडे आणि मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्यांशी असलेल्या तिच्या नात्याकडे लक्ष वेधले. १९९० मध्ये पीटर गोड्सबी आणि लार्स एड्विन्सन यांना झटक्याच्या वेळी मानेच्या शिरेतील रक्तात सीजीआरपी हा प्रथिनाचा तुकडा वाढलेला दिसला. सध्याची नवी औषधे याच निरीक्षणातून आली. मॉस्कोविट्झ, गोड्सबी, एड्विन्सन या तिघांना आणि डेन्मार्कचे येस ओलेसेन यांना २०२१ चे ‘ब्रेन प्राइझ’ मिळाले.

ओलेसेन यांच्याच पुढाकाराने १९८८ मध्ये डोकेदुखीचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण झाले. तिसरी आवृत्ती २०१८ ची आहे. रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या आजाराचे निदान रुग्णाच्या सांगण्यावर, पण सगळ्यांनी एकाच मापाने करायचे, हे या वर्गीकरणाने शक्य केले. परिचारिकेच्या दृष्टीने मला ही घटना कुठल्याही औषधाइतकीच मोठी वाटते. निदानच जर सांगण्यावर अवलंबून असेल, तर ऐकून घेणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

पहिली दहा मिनिटे

निकष थोडक्यात असे : उपचाराविना चार ते बहात्तर तास टिकणारे झटके, एका बाजूला दुखणे, ठणकणे, मध्यम ते तीव्र वेदना, हालचालीने वाढणे यांपैकी दोन गोष्टी, शिवाय मळमळ-उलटी, किंवा उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणे. असे निदान पाच झटके झालेले असावेत. एवढी उलटतपासणी करायला गर्दीच्या ओपीडीत वेळ नसतो. त्यासाठी २००३ मध्ये रिचर्ड लिप्टन आणि सहकाऱ्यांनी तीनच प्रश्नांची चाळणी तयार केली : दुखताना मळमळते का, उजेड सहन होत नाही का, गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे कामे अडली का. दोन उत्तरे ‘हो’ आली तर अर्धशिशीची शक्यता मोठी असते. हे प्रश्न आरोग्य सेविकाही विचारू शकते.

पण त्याआधी धोका वगळायला हवा. आयुष्यातली सर्वांत भयानक, क्षणार्धात टोकाला पोचलेली डोकेदुखी. ताप आणि मान आखडणे. हातापायाची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे. डोक्याला मार लागणे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले दुखणे. कर्करोगाचा किंवा प्रतिकारशक्ती घटल्याचा पूर्वेतिहास. गर्भारपण आणि बाळंतपण. यांतले काहीही दिसले तर ‘अर्धशिशी’ हा शब्द बाजूला ठेवून डॉक्टरांना तातडीने बोलवायचे. याबाबत मतभेद नाहीत. गर्भवतीचे डोके दुखते म्हटल्यावर आधी रक्तदाब मोजायचा, हे तर उपकेंद्रातल्या प्रत्येक भगिनीला पाठ असते, आणि त्याने जीव वाचले आहेत.

वागण्यातही निदान असते. अर्धशिशीचा रुग्ण अंधारात निपचित पडून राहतो. एका डोळ्यामागे आग ओकणाऱ्या क्लस्टर डोकेदुखीचा रुग्ण मात्र एका जागी बसू शकत नाही. तो येरझाऱ्या घालतो, त्या बाजूचा डोळा लाल होऊन वाहतो, नाक चोंदते. हा झटका पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत टिकतो आणि दिवसात अनेकदा येऊ शकतो. त्यावर शुद्ध ऑक्सिजन काम करतो. २००९ मधील ब्रिटनच्या चाचणीत मिनिटाला बारा लिटर वेगाने ऑक्सिजन दिल्यावर पंधरा मिनिटांत ७८ टक्के झटके शमले, साध्या हवेने फक्त २० टक्के. त्यासाठी पिशवी जोडलेला मास्क हवा. नाकातल्या नळीतून दोन-चार लिटर सोडून उपयोग होत नाही. सिलिंडर जवळजवळ प्रत्येक रुग्णालयात असतो. उणीव असते ती या माहितीची.

सिझेरियननंतरची डोकेदुखी

प्रसूती कक्षातील एक प्रकार परिचर्येच्या रोजच्या कामाशी निगडित आहे. पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिल्यावर सुईच्या छिद्रातून मेंदू-मज्जारस पाझरला तर एक-दोन दिवसांत डोके दुखू लागते. उठून बसले की वाढते, आडवे झाले की थांबते. १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी ही भूल स्वतःवर करून पाहिली आणि ही डोकेदुखी त्यांनी स्वतःच भोगली. तेव्हापासून ‘उशी न घेता सपाट झोपा’ हा नियम रुजला. आपल्या वॉर्डांतही तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो.

पुरावा मात्र वेगळे सांगतो. कॉक्रेन गटाने सगळ्या चाचण्या एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार सक्तीने झोपवून ठेवल्याने ही डोकेदुखी टळत नाही. उलट थोडी वाढतच असावी. जादा सलाईननेही ती रोखल्याचे दिसत नाही. फरक पडतो तो सुईने : बारीक आणि पेन्सिलीच्या टोकाच्या आकाराची सुई वापरली तर त्रास बराच घटतो. दुखणे सुरू झाल्यावर आडवे पडून आराम मिळतो हे खरे, पण आराम देणे वेगळे आणि टाळणे वेगळे. तीव्र त्रासात रुग्णाचेच थोडे रक्त मणक्याच्या पोकळीत सोडून छिद्र बुजवतात. इथे सावधगिरीची एक गोष्ट अशी, की बाळंतिणीचे प्रत्येक डोकेदुखणे भुलेच्या माथी मारू नये. वाढलेला रक्तदाब आणि मेंदूच्या शिरांत रक्त गोठणे ही दोन्ही संकटे याच दिवसांत येतात. आडवे झाल्यावरही न थांबणारे दुखणे, आकडी, नजर अंधुक होणे हे वेगळे संकेत आहेत.

झटक्याच्या वेळची शुश्रूषा

अंधारी, शांत खोली, कपाळावर किंवा मानेवर थंड पट्टी, उग्र वास दूर ठेवणे, उलटीसाठी भांडे हाताशी, आणि वेदना शून्य ते दहाच्या मापाने औषधाआधी व नंतर विचारून लिहून ठेवणे. हे सगळे साधे वाटते. पण कॅज्युअल्टीच्या ट्यूबलाइटखाली, मोबाइल वाजत असताना ते मिळवून द्यायला परिचारिकेला जाणीवपूर्वक झगडावे लागते.

औषधांत वेळेला महत्त्व आहे. झटक्यात जठराची हालचाल मंदावते, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते. म्हणून पहिल्या तासाभरात, पुरेशा मात्रेत, आणि मळमळ असल्यास उलटीच्या औषधासह वेदनाशामक द्यावे यावर एकमत आहे. खास अर्धशिशीच्या झटक्यासाठी असलेली ट्रिप्टान गटातील औषधे हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांना देत नाहीत. मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन यांना आपण उलटीची औषधे म्हणतो, पण शिरेतून दिल्यास ती अर्धशिशीची वेदनाही कमी करतात. ती सावकाश, पंधरा मिनिटांत द्यावीत. घाईने दिल्यास रुग्ण अस्वस्थ होऊन तळमळतो, आणि तरुणांत मान किंवा जबडा वाकडा होऊ शकतो. नंतर तासभर नजर ठेवणे हे परिचर्येचे काम.

अफूजन्य औषधांचा प्रश्न आता बराच निकालात निघाला आहे. २०१७ मधील न्यूयॉर्कच्या चाचणीत प्रोक्लोरपेराझिनने ६० टक्के रुग्णांना दोन दिवस टिकणारा आराम मिळाला, हायड्रोमॉर्फोन या अफूजन्य औषधाने ३१ टक्क्यांना. फरक एवढा ठळक होता की चाचणी मध्येच थांबवली गेली. सलाईनबद्दल चित्र धूसर आहे. उलट्यांनी पाणी घटले असेल तर ते हवेच. एरवी त्याने वेदना कमी होते असा भक्कम पुरावा नाही. रुग्ण सलाईनचा आग्रह धरतात आणि नकार दिला की उपचारच झाला नाही असे त्यांना वाटते. ही समजूत घालणेही सिस्टरच्याच वाट्याला येते.

गोळ्यांनीच होणारी डोकेदुखी

सगळ्या प्रश्नांत हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साधी वेदनाशामके महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, अथवा ट्रिप्टान, अर्गोटामाइन, अफूजन्य वा मिश्र गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर गोळीच दुखण्याचे कारण बनते. आपल्याकडे अर्गोटामाइन, कॅफीन, पॅरासिटामॉल आणि उलटीचे औषध एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास वापरल्या जातात आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय सहज मिळतात. आठवड्याला तीन गोळ्या घेणारी शिक्षिका स्वतःला व्यसनी समजत नाही आणि ती नसतेही. ती फक्त वर्गावर उभी राहण्यासाठी गोळी घेते. पण दहा दिवसांची रेषा तिने कधीच ओलांडलेली असते.

उपाय काय, यावर तीन मते आहेत. जुने मत : गोळ्या एकदम बंद करा, दोन ते दहा दिवस त्रास होईल, मग बघू. दुसरे : बंद करा, पण प्रतिबंधक औषध त्याच दिवशी सुरू करा. तिसरे : बंद करण्याचा हट्ट नको, चांगले प्रतिबंधक दिले की गोळ्या आपोआप कमी होतील. २०२० मधील डेन्मार्कच्या चाचणीत तिन्ही मार्गांनी दुखण्याचे दिवस घटले, पण दुसऱ्या मार्गाने गोळ्यांच्या विळख्यातून सुटणाऱ्यांचे प्रमाण सर्वाधिक होते. २०२२ मधील ७२० रुग्णांच्या अमेरिकी चाचणीने मात्र तिसऱ्या मताला आधार दिला : गोळ्या सक्तीने बदलल्या काय आणि न बदलल्या काय, प्रतिबंधक चालू असेल तर परिणाम सारखाच. दोन्ही चाचण्या प्रामाणिक आहेत, फक्त त्यांतले रुग्ण, औषधे आणि यशाची मापे वेगळी आहेत.

परिचर्येला आशा देणारा प्रयोग नॉर्वेतला आहे. तिथे सामान्य डॉक्टरांना छोटे प्रशिक्षण देऊन रुग्णाशी फक्त एक संवाद करायला सांगितले : गोळ्यांवरील अवलंबन मोजणारे पाच प्रश्न, ‘तुमचे दुखणे गोळ्यांमुळे वाढते आहे’ ही स्पष्ट माहिती, आणि कमी करण्याची योजना. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांत दुखण्याचे आणि गोळ्यांचे दिवस दोन्ही लक्षणीय घटले. नेदरलँड्समधील लायडनच्या अभ्यासात डोकेदुखी-परिचारिकेचा आधार मिळालेल्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्ण गोळ्या सोडण्यात यशस्वी झाले, आधार नसलेल्यांत सुमारे ६१ टक्के. दुखण्याचे दिवस घटण्यात मात्र दोन गटांत तसा ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे.

प्रतिबंधक औषधे : जुनी आधी की नवी

प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट, व्हॅल्प्रोएट आणि आपल्याकडे फार वापरले जाणारे फ्लुनारिझिन ही जुनी औषधे दुसऱ्याच आजारांसाठी आली आणि इथे उपयोगी ठरली. ती स्वस्त आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या एरेन्युमॅबपासून सीजीआरपीला रोखणाऱ्या औषधांची रांग लागली. २०२४ मध्ये अमेरिकन हेडेक सोसायटीने म्हटले, की जुन्या औषधांत अपयश येण्याची वाट न पाहता ही पहिल्याच पायरीवर देता यावीत. लगेच २०२५ मध्ये अमेरिकेच्याच कॉलेज ऑफ फिजिशियन्सने उलट सल्ला दिला : परिणामात मोठा फरक सिद्ध नाही, किंमत प्रचंड आहे, म्हणून आधी मेटोप्रोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल, व्हॅल्प्रोएट, व्हेन्लाफॅक्सिन किंवा अमिट्रिप्टिलीन.

पहिल्या बाजूचा खरा मुद्दा सहन होण्याचा आहे. एरेन्युमॅब आणि टोपिरामेट यांच्या थेट तुलनेत दुष्परिणामांमुळे औषध सोडणारे अनुक्रमे १०.६ आणि ३८.९ टक्के होते. दुसऱ्या बाजूचा मुद्दा आपल्याकडे आणखी जड आहे. दरमहा हजारो रुपयांचे इंजेक्शन किती घरांना झेपेल? जुनी औषधे द्यायची तर नजर ठेवणारे माणूस हवे. दमा असताना प्रोप्रॅनोलॉल नको, मूल होण्याच्या वयात व्हॅल्प्रोएट शक्यतो नकोच आणि टोपिरामेटबाबतही सावध राहायचे, फ्लुनारिझिनवर वजन वाढते आणि मन खिन्न होऊ शकते. लग्न ठरलेल्या मुलीला मूल कधी हवे हे विचारण्याची हिंमत आणि सवड ओपीडीत कुणाकडे असते? बहुधा सिस्टरकडेच.

मुलांबाबत अवघड प्रश्न आहे. २०१७ मधील अमेरिकी चाचणीत मुला-किशोरांना अमिट्रिप्टिलीन आणि टोपिरामेटचा लाभ नुसत्या खोट्या गोळीहून जास्त झाला नाही. झोप, नाश्ता, शाळेचा ताण आणि वर्तनोपचार यांकडे त्यामुळे पुन्हा लक्ष वळले आहे.

उपवास, ऊन आणि ओले केस

निमित्ते टाळा, हा सल्ला जुनाच. मुंबईचे डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये ९४ भारतीय रुग्णांत डोक्यावरून आंघोळ हे झटक्याचे निमित्त म्हणून नोंदवले. लांब, दाट, वेळ घेऊन वाळणारे केस असलेल्या आपल्या बायकांना हे सांगावे लागत नाही, पण शास्त्रीय नियतकालिकात ते इथल्या डॉक्टरांमुळे आले. चतुर्थी-एकादशीचे कडक उपवास, दुपारचे ऊन, मिरवणुकीतला कानठळ्या बसवणारा आवाज, रात्रपाळी हीही इथली निमित्ते.

मात्र आता दोन शंका घेतल्या जातात. पहिली : जांभया, मान आखडणे, विशिष्ट खाण्याची ओढ ही झटक्याची सुरुवातच असते. मग चॉकलेट खाल्ल्याने झटका आला, की झटका येऊ घातला म्हणून चॉकलेट खावेसे वाटले? दुसरी : सगळेच टाळत गेले तर आयुष्य आक्रसते आणि संवेदनशीलता वाढते. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ पॉल मार्टिन यांनी म्हणूनच काही निमित्तांची हळूहळू सवय करण्याचा मार्ग मांडला. मधली वाट परिचर्येला सोयीची आहे : उपवास सोडा असे न सांगता फळ-ताक घेऊन करा, पाणी चुकवू नका, केस दुपारी धुऊन लगेच वाळवा. योगासनांबद्दल दिल्लीच्या एम्समधील २०२० च्या चाचणीत औषधाला योगाची जोड दिलेल्यांना अधिक लाभ झाला. नस्य, शिरोधारा यांवरील चाचण्या अजून लहान आहेत. रुग्ण त्या घेतच असतात, तेव्हा न रागावता विचारून नोंदवणे चांगले.

जागा कोणाची

डेन्मार्क, नेदरलँड्स, ब्रिटन येथे डोकेदुखीच्या परिचारिका हे वेगळे पद आहे. ब्रिटनमध्ये त्या दर बारा आठवड्यांनी ठरलेल्या ३१ जागी बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनेही देतात. आपल्याकडे असे पद नाही. एक बाजू म्हणते, वॉर्डात आधीच माणसे अपुरी आहेत, त्यात आणखी खास पदे कुठून आणणार. दुसरी म्हणते, हे काम पदाचे नाही, पद्धतीचे आहे. नर्सिंग किंवा आयुर्वेदाची पदवी आणि सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेले समुदाय आरोग्य अधिकारी उपकेंद्रांवर आहेत. रक्तदाब-मधुमेहाची नोंद ते ठेवतातच, तिथे डोकेदुखीची डायरी का नको? त्यांनी स्वतः औषधे द्यावीत का, हा वाद २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ पासून धुमसतो आहे. डॉक्टरांच्या संघटनांना त्यात रुग्णाचा धोका दिसतो, तर समर्थकांना दुर्गम गावातील रिकामी खुर्ची दिसते.

नॉर्वेतला संवाद मात्र औषध लिहिण्याच्या अधिकाराशिवायही होऊ शकतो. एका जिल्ह्यातील निम्म्या उपकेंद्रांवर तीन चाळणी-प्रश्न, धोक्याच्या खुणांची यादी, मराठीतील महिन्याची डायरी आणि दहा दिवसांची रेषा समजावणारे एक बोलणे सुरू करावे, उरलेल्यांत नेहमीचाच उपचार ठेवावा, आणि सहा महिन्यांनी दोन्हीकडचे गोळ्यांचे दिवस मोजावेत. अशी चाचणी करायला परदेशी इंजेक्शन लागत नाही. तिच्या निकालावर पुढचा वाद अधिक भक्कम पायावर करता येईल.